एका हाताचा ट्रक

चूक माझीच होती, आणि ती काही डोळे मिटून केलेली नव्हती. चांगली डोळ्यात तेल घालून केली होती. पेन्सिलीला टोक काढलेलं, पट्टी स्टीलची, कागद टेबलाला चारी बाजूंनी चिकटवलेला. त्या वाकड्या प्लेटच्या कडेनं मी एक रेघ मारली, मग तिच्या बाहेरून एक सेंटीमीटर सोडून दुसरी मारली, आणि दुसऱ्या रेघेवर कापलं. तेहतीस वर्षं मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. शर्टाची बाही असो की पँटचा पाय, शिलाईला मार्जिन सोडल्याशिवाय माझा हात पुढे सरकतच नाही. ॲल्युमिनियमला शिलाई नसते हे काय मला ठाऊक नव्हतं? मला होतं. हाताला नव्हतं.

पण हे असं मधूनच सांगून चालायचं नाही. ऐकणाऱ्याला वाटायचं, ही बाई कसली प्लेट कापत बसलीय.

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे बारक्या म्हणायचे. आता सगळे म्हणजे मी एकटीच उरलेय. शेहेचाळीस वर्षांचा आहे तो, आणि रिमोटवर चालणारा ट्रक पळवायचा त्याला नाद आहे. खेळण्यातला ट्रक म्हटलं की त्याला राग येतो, म्हणून मी मुद्दाम म्हणते. दीड फूट लांब, चाकं माझ्या पंजापेक्षा मोठी, आणि पोटात खरंखुरं इंजिन, तेल पिणारं आणि धूर ओकणारं. दर रविवारी तो घेऊन मैदानावर जायचा. गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत राहायचा. माझ्याकडे दोन महिन्यांतून एकदा यायचा, चहा प्यायचा, घड्याळ बघायचा.

मागच्या वर्षी एका रविवारी मैदानावर उभ्या उभ्याच त्याची उजवी बाजू गेली. पडताना डाव्या हाताचं बोट रिमोटच्या ट्रिगरवर दाबलेलंच राहिलं. ट्रक जो सुसाट सुटला तो सिमेंटच्या कठड्यावर जाऊन आदळला. इंजिन जाम झालं, आणि ज्या प्लेटवर सगळं बसवलेलं असतं ती चॅसी मधोमध वाकली. दोघांनाही मैदानावरच्या लोकांनीच उचललं. भाऊ दवाखान्यात गेला, ट्रक एका पोत्यात घालून कुणीतरी माझ्या दारात आणून ठेवला.

दवाखान्यातून तो माझ्या घरी आला. आई गेल्यापासून अकरा वर्षं मी या दोन खोल्यांत एकटी होते. कामावरून यायचं, दिवा लावायचा, रेडिओ लावायचा, कारण कुणीतरी बोलत असलं की बरं असतं. खोटं कशाला बोलू, भाऊ अंथरुणाला खिळून माझ्या घरी आला आणि मला बरं वाटलं. संध्याकाळी दारात चपला दिसायच्या. दोन कप चहा टाकायचा. त्याला उठवायचं, बसवायचं, शर्टाची बटणं लावून द्यायची. असं वाटणं बरोबर नाही हे मला कळत होतं, आणि तरी वाटत होतं. यावर मला कुणी चार शब्द सुनावले असते तरी ऐकून घेतले असते.

पाय तीन महिन्यांत सुधारला, काठी घेऊन चालायला लागला. हात नाही सुधारला. उजवा हात खांद्याला नुसता लोंबत राहिला. बोलणं तेवढं परत आलं, आणि ते आल्यावर त्यानं पहिली नीट गोष्ट सांगितली ती ही, की ज्या दिवशी तो ट्रक घेऊन एकटा मैदानावर जाईल, एकटा चालवेल आणि एकटा परत येईल, त्या दिवशी तो आपल्या खोलीवर राहायला जाईल. खोली त्यानं सोडली नव्हती, कुलूप लावून ठेवली होती. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार होते? आमच्या घरात कुणी कुणाला थांब म्हणत नाही. बाबा नोकरीसाठी परगावी निघाले तेव्हा आई म्हणाली नाही, बारक्या वेगळा राहायला गेला तेव्हा मी म्हणाले नाही.

आता घोडं अडलं ते इंजिनापाशी. इंजिन चालू करायला एका हातानं ट्रक दाबून धरायचा आणि दुसऱ्या हातानं दोरी ओढायची. एका हाताच्या माणसानं काय करायचं? आमच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करणारा एक फिटर आहे, दिवसाला मोजून दहा शब्द बोलतो. त्याला विचारलं तर त्यातले तीन खर्च करून म्हणाला, "इंजिन काढून टाका." मग दुसऱ्या दिवशी आणखी थोडं बोलला. इंजिनाच्या जागी विजेची मोटर बसवायची, टाकीच्या जागी बॅटरी. बटण दाबलं की ट्रक चालू, ना दोरी ना धूर. पण जुनी प्लेट वाकलेली, आणि तिच्यावरची सगळी भोकं इंजिनाच्या मापाची. मोटर आणि बॅटरी तिच्यावर बसणारच नव्हती. चॅसी नवीनच करायला लागणार होती.

ते मी अंगावर घेतलं. फिटरनं एका मोडीत काढलेल्या कटिंग टेबलाची ॲल्युमिनियमची प्लेट काढून दिली, तीन मिलीमीटर जाडीची. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या कोपऱ्यात जायचं, प्लेट शिकंज्यात आवळायची आणि हॅक्सॉनं कापायची. कापड कापताना आम्ही डाव्या हातात लोखंडी जाळीचा हातमोजा घालतो. इथं घातला तर फिटर हसला. तो हसतो हे कारखान्यात तेव्हा पहिल्यांदा कळलं.

भोकं मात्र मी अगदी नेमकी पाडली, केसभरही इकडंतिकडं नाही. सगळ्या भोकांना खालून खोलगट तोंड केलं, म्हणजे स्क्रूची डोकी प्लेटच्या पातळीत बसतात आणि ट्रकचं पोट दगडावर घासलं तरी अडकत नाही. प्लेट घरी नेली, बारक्यासमोर ठेवली. त्यानं डाव्या हातानं उचलून कडेला नजर लावून बघितली, सरळ आहे का. आहे म्हणाला. आम्ही पुढचे हात लावले, म्हणजे चाकांना धरणारे दांडे. चाकं लावली. चाक वळवलं तर अर्ध्यात अडकलं. दुसरीकडं वळवलं, तिकडंही अडकलं. मग त्यानं जुनी प्लेट आणून नवीवर ठेवली. जुनीच्या भोवती चारी बाजूंनी नवी एकसारखी बाहेर डोकावत होती. एक सेंटीमीटर. माझं मार्जिन इतकं सरळ होतं की बघत राहावं.

बारक्या बराच वेळ त्या कडेवरून बोट फिरवत बसला. मग खाली बघूनच म्हणाला, "ताई, मुद्दाम केलंस का?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अरे मेल्या, तीन आठवडे जेवण बुडवून लोखंड घासतेय ते काय हौस म्हणून? म्हटलं, तू जा ना तुझ्या खोलीवर, आत्ता जा, तुला कुणी धरून ठेवलंय? असं बरंच बोलले. माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी मी भांडी आपटली. तो सांडलेली भाताची शितं डाव्या हातानं गोळा करत राहिला. मला राग कशाचा आला ते मला नंतर कळलं. मी मुद्दाम केलं नव्हतं, पण मुद्दाम करावं असं माझ्या मनात येऊन गेलं होतं, आणि ते त्याला बाहेरून दिसलं होतं.

तो एक सेंटीमीटर काढायला आणखी तीन आठवडे गेले. आधी करवत, मग मोठी कानस, मग बारीक कानस. ॲल्युमिनियमचा चुरा केसांत जायचा, डब्यात जायचा. कारखान्यातल्या मुली म्हणायच्या, मास्तर, चांदी झाली की तुमची. मी घासत होते आणि एकीकडं दिवस मोजत होते. घासणं संपू नये असं वाटायचं. पण कड मात्र मी गुळगुळीत केली, त्यात हातचं राखलं नाही.

मग सुरू झाल्या संध्याकाळी. त्या मला कुणी परत दिल्या तर मी दुसरं काही मागणार नाही. कामावरून आले की चहा, आणि मग टेबलावर जुनी चादर पसरून आम्ही दोघं बसायचो. तो डाव्या हातानं एकेक स्क्रू उचलून द्यायचा, मी आवळायची. प्रत्येक स्क्रूला डिंकाचा एक थेंब, नाहीतर हादऱ्यानं सैल होतो. मोटरचा लहान गियर मोठ्या गियरला किती चिकटवायचा हे त्यानं शिकवलं. मध्ये वर्तमानपत्राची एक पट्टी घालायची, दोन्ही दाते तिच्यावर दाबून मोटर आवळायची, मग पट्टी ओढून काढायची. राहिलेली फट बरोबर. मी म्हटलं, हे आमच्यासारखंच झालं की, इथं कागदाचं मार्जिन. तो हसला. जन्मात कधी मला "मास्तर" म्हणाला नव्हता, तेव्हापासून म्हणायला लागला.

आणि मी सगळं एका हाताचं करत गेले. बॅटरीच्या खोक्यावर वेल्क्रोची पट्टी, तिचं शेपूट लांब, म्हणजे एका हातानं ओढून दाबता येईल. वरचं कव्हर अडकवायच्या क्लिपांना दोऱ्याचे फासे. ट्रक खांद्याला लावून न्यायला एक पिशवी शिवली, तिची चेन कोपरानं धरून उघडता येते. एका हातानं चालवायचा रिमोट मिळतो, बोटाखाली ट्रिगर आणि अंगठ्याखाली छोटं चाक, तो मागवला. प्रत्येक गोष्ट आधी मी उजवा हात पाठीमागे बांधून करून बघायची. ओढणीनं बांधायची, अगदी घट्ट.

म्हणून सांगते, प्लग माझ्या नजरेतून सुटला असं कुणी म्हणू नये.

बॅटरीतून एक वायर येते, मोटर चालवणाऱ्या डबीतून दुसरी येते, दोन्हींच्या टोकांना प्लग. ते एकमेकांत घालायचे, मगच करंट. आणि ते असले घट्ट असतात की दोन्ही हातांनी धरून दाबावे लागतात. पहिल्यांदा ट्रक तयार झाला तेव्हा चाकं अधांतरी राहतील असा आम्ही तो डब्यावर ठेवला. प्लग मीच लावला. बारक्यानं ट्रिगर दाबला. चाकं अशी गरगरली की चादरीचं टोक उडालं, आणि तो हसला, मोठ्यानं, दात दाखवून, झटका आल्यापासून पहिल्यांदा. मी पण हसत होते. आणि हसता हसताच माझ्या लक्षात आलं, की हे याला एकट्याला जमणार नाही.

मी मूग गिळून बसले.

उपाय पण मला त्याच क्षणी सुचला होता. एक प्लग प्लेटवरच पक्का बसवायचा, म्हणजे दुसरा एका हातानं आत दाबता येतो. पण मी स्वतःला म्हटलं, तो सांगेल तेव्हा बघू. तो सांगेना. रविवारी आम्ही दोघं मैदानावर जायचो. तो कव्हर काढायचा, बॅटरी ठेवायचा, पट्टी ओढायचा, आणि मग नुसता माझ्याकडं बघायचा. मी वाकून प्लग लावायची. ट्रक धावायचा, उंचवट्यावरून उडायचा, उलटला तर मी पळत जाऊन सरळ करायची. या वयात मी मैदानावर पळत होते, आणि मला लाज वाटत नव्हती. परत येताना तो बडबडायचा. खोलीचं नाव काढत नव्हता. असे चार रविवार गेले. मला वाटायला लागलं, विसरला. आपल्याला हवं ते वाटून घ्यायला काय लागतं?

पाचव्या आठवड्यात एका बुधवारी कारखान्याची वीज गेली आणि आम्हाला दोन वाजताच सोडलं. घरी आले तर दार नुसतं लोटलेलं. बारक्या स्वयंपाकघरात फरशीवर बसला होता, भिंतीला पाठ लावून. ट्रक दोन्ही गुडघ्यांत दाबून धरलेला. एक प्लग दातांत पकडलेला, दुसरा डाव्या हातात, आणि मान खाली घालून तो एकात दुसरा घालायचा प्रयत्न करत होता. खालचा ओठ फाटला होता. शर्टावर रक्ताचे दोन थेंब होते, एक ताजा, एक वाळलेला. शर्ट मी सकाळीच दिलेला धुतलेला. म्हणजे सकाळपासून चाललं होतं. नंतर कळलं, रोजच चाललं होतं, मी कामावर गेले की.

मला बघून त्यानं प्लग तोंडातून काढला. चोरी पकडल्यासारखा ओशाळला. ओठ पुसत म्हणाला की हे एवढं एकच राहिलंय, बाकी सगळं जमतं. मी होते तिथंच थबकले. त्याला वाटलं मी रक्त बघून घाबरले. मग त्यानं माझी समजूत घातली. त्यानं माझी.

"तुझ्या लक्षात नाही आलं, ताई. कसं येणार? तुला दोन हात आहेत."

चिडून म्हणाला असता तर मी चिडून उत्तर दिलं असतं. पण तो अगदी मायेनं म्हणाला. जी प्लेट मी मुद्दाम चुकवली नव्हती तिच्यापायी त्यानं माझ्यावर संशय घेतला होता, आणि इथं मला पदरात घेत होता. मला ते सोसवेना. मी त्याच्यासमोर फरशीवर बसले.

"आलं होतं लक्षात," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी."

त्यानं हातातला प्लग हळूच खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही. मग तो भिंतीला धरून उठला. मी हात पुढं केला, त्यानं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी फिटरच्या कोपऱ्यात गेले. उरलेल्या प्लेटचा एक तुकडा कापला, शिकंज्यात धरून काटकोनात वाकवला, दोन भोकं पाडली. घरी येऊन तो चॅसीवर बसवला आणि डबीकडचा प्लग त्यात आवळून टाकला. बॅटरीच्या प्लगला नायलॉनच्या नाडीचा एक फासा शिवला, म्हणजे काढताना बोट घालून ओढता येईल. ओढणीनं हात बांधून दहा वेळा लावून बघितला, दहा वेळा काढून बघितला. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम होतं. ते मी पाच आठवडे केलं नव्हतं.

बारक्या पलंगावर बसून बघत होता. काम झाल्यावर मी ट्रक त्याच्याजवळ ठेवला आणि चहा टाकायला गेले. मागून आवाज आला, प्लग बसल्याचा. मग काढल्याचा. मग परत बसल्याचा. किती वेळा ते मी मोजलं नाही. चहा उकळून उकळून काळा झाला.

तीन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. रविवारी सकाळी पिशवी खांद्याला लावून, काठी घेऊन एकटा निघून गेला. मी मागं गेले नाही. खिडकीशीही उभी राहिले नाही. धुतलेली भांडी परत धुतली. धुतलेला शर्ट, तो ओठाच्या रक्ताचा, परत धुतला. मैदान इथून दहा मिनिटांवर आहे, त्याच्या चालीनं पंचवीस. त्याला यायला साडेअकरा झाले. ट्रकच्या चाकांना चिखल होता. डाव्या हातानं ब्रश घेऊन त्यानं तो स्वतःच साफ केला. मी विचारलं, कसा चालला. चांगला चालला म्हणाला. उलटला का म्हटलं. एकदा उलटला, म्हणाला, पण जाऊन सरळ केला.

जेवण झाल्यावर त्यानं सांगितलं की उद्या जातो. गोदामात त्याला गेटवर बसायचं काम देणार होते, आलेल्या गाड्या लिहून घ्यायचं. तो डाव्या हातानं अक्षरं गिरवत होता हे मला माहीतच नव्हतं. कपड्यांची बॅग त्यानं संध्याकाळी भरली. मी मदत केली नाही, कारण त्यानं मागितली नाही. चेन त्यानं कोपरानं धरून लावली, मी शिवलेल्या पिशवीची लावतो तशी.

सकाळी मी कामाला दांडी मारली. टॅक्सी खाली येऊन उभी होती. ड्रायव्हर बॅग आणि काठी घेऊन पुढं गेला. काठी कशाला दिली असं मी म्हणणार होते, तर बारक्याच म्हणाला, जिना कठड्याला टेकून उतरेन. ट्रक मात्र त्यानं कुणाला दिला नाही, पिशवीतही घातला नाही. डाव्या काखेत धरला आणि माझ्यासमोर उभा राहिला. त्याच्या ओठावरची खपली अजून पडली नव्हती.

"लक्षात आलं होतं तर बोलायचं ना, ताई," तो म्हणाला. "प्लग कशाला ठेवायचा तसा? राहा म्हणायचं. राहिलो असतो मी."

सत्तावन्न वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, की असं म्हणता येतं. मी शरम गुंडाळून ठेवली आणि म्हटलं.

"मग राहा."

तो लगेच नाही म्हणाला नाही. त्यानं खरंच विचार केला, मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. घरात एकदा नजर फिरवली, टेबलावरून, पलंगावरून.

"आता नको," तो म्हणाला. "आता मला येतंय."

खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला. तो दाराकडं वळला. डाव्या काखेत ट्रक, उजवा हात लोंबता. दार लोटलेलं होतं आणि ते कडी धरून आत ओढूनच उघडायला लागतं. ट्रक खाली ठेवला असता तर त्याला उघडता आलं असतं, पण तो ठेवेना, तसाच दारासमोर उभा राहिला.

मी पुढं झाले आणि दार उघडलं.